विजेचा दगड

आमच्या वाडीतल्या घराची कौलं उतरवून झाली होती. आता नुसते वासे राहिले होते आणि वाशांच्या वर फाल्गुनातलं पांढुरकं आभाळ. जिथे कधी उजेड शिरला नाही त्या कोपऱ्यांत ऊन पडलं होतं. निजलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण कुणी ओढावं, तसं ते घर मला दिसलं. भिंती काजळीनं काळ्या. चुलीच्या जागेवर अजून राखेचा रंग. खालच्या शेतात कुणीतरी राब भाजत होतं. भाताची रोपं टाकण्याआधी आमच्याकडे पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजून घेतात, त्याचा तो कडवट, कोमट वास वाऱ्याबरोबर वर येत होता. मावळात जन्मलेला माणूस परमुलखात मेला तरी हा वास ओळखेल.

चुलीच्या डाव्या अंगाला, बसल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, भिंतीत एक देवळी आहे. ओंजळभर खोलीची. तिच्यात कधी दिवा ठेवला नाही आणि देवही ठेवला नाही. तिच्यात एक दगड असायचा.

तो दगड आता माझ्या बंडीच्या खिशात होता.

बाहेर आंब्याखाली किसन उकिडवा बसला होता. शेजारच्या गंगूमावशीचा हा मुलगा. वासे त्यालाच हवे होते. "भाऊ, वासं चांगलं हायेत, पर एका अंगाला वाळवी लागलीया," असं त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं होतं. वाळवी लागलेली नाही हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. सौद्याला अशीच सुरुवात करायची असते. एरवी मी त्याला तिथल्या तिथे सोलला असता. त्या दिवशी म्हणालो, "बस जरा. आलोच," आणि आत येऊन त्या देवळीसमोर उभा राहिलो.

मी बैलांचा दलाल आहे. चाकणच्या बाजारात माझ्याशी सौदा करून कुणी हसत घरी गेलेलं नाही, असं लोक म्हणतात. मी तापट आहे असंही म्हणतात. दोन्ही खरं आहे. या बाजारात मी पहिल्यांदा गेलो तो अनवाणी, दुसऱ्याच्या बैलांमागे. आज लोणावळ्यात माझं पक्कं घर आहे. त्यातली एकही वीट मला कुणी दिलेली नाही.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि त्याच्या आड एकमेकांची बोटं धरायची. कुठलं बोट धरलं, कुठल्या पेरावर दाबलं, कधी सोडलं, यात सगळं येतं. भोवती माणसं उभी असतात, आपण तोंडानं चाऱ्यापाण्याच्या गोष्टी करत असतो, आणि खाली सौदा चाललेला असतो. बोलणं फिसकटलं तर हात उघडायचा, तळवा आभाळाकडे. म्हणजे मोडलं, आता आपल्यात काही नाही. पटलं तर मूठ मिटायची. मिटलेली मूठ सख्खा बाप आला तरी पुन्हा उघडायची नाही. उपरण्याखाली माणसाला तोंड नसतं, जात नसते, शिक्षण नसतं. नुसता हात असतो. गरजवंताची बोटं घाई करतात. लबाडाचा अंगठा स्वस्थ बसत नाही. मी माणसं वाचायला शिकलो ती अशी, कापडाआड.

पण पहिला हात ओळखायला शिकलो तो आईचा.

आई सुईण होती. तिचा हात लहान होता, अरुंद, लांब बोटांचा. तळवा राखेनं भांडी घासून खरखरीत झालेला, पण बोटांची टोकं मऊ. ती टोकं ती जपायची. दुखणाऱ्या पोटावर ती बोटं ठेवली की बाईचा श्वास खाली बसतो, असं वाडीतल्या बायका म्हणत. तिच्या हाताला हळदीचा आणि खुरासणीच्या तेलाचा वास येई. लहानपणी ताप आला की तो वास कपाळावर यायचा आणि मला आपण बरे झालो असंच वाटायचं.

आणि तो दगड. आंब्याच्या कोयीएवढा, कोयीसारखाच चपटा. रंग मधाचा. उजेडाकडे धरला तर आत धुकं भरलेलं दिसे. त्याची एक कड इतकी धारेची होती की गवताच्या पात्यासारखी ती बोटाला कळायच्या आत कापे. दुसरी कड जाड आणि बोथट. त्या जाड कडेजवळ एक खळगा होता, आणि आईचा अंगठा त्या खळग्यात बसला की हात कुठे संपतो आणि दगड कुठे सुरू होतो ते कळत नसे. आमच्या घरच्या कुणा थोरल्या बाईला तो भाताच्या खाचरात सापडला होता, वीज पडून गेल्यावर. म्हणून वाडी त्याला विजेचा दगड म्हणायची. सासूनं सुनेला द्यायचा, सुनेनं पुढच्या सुनेला. तसा तो आईकडे आला होता.

दिवेलागणीला बांधावरून हाक यायची. "सुईनबाई हायेत का घरी?" हाकेतली घाई आईला पायांच्या आवाजावरून आधीच कळलेली असे. ती भाकरीचा हात धुवायची, देवळीतून दगड उचलायची, ओच्यात खोचायची आणि कंदिलामागून चालू लागायची. कुठल्या घरी काय झालं ते आम्हा मुलांना ती कधी सांगत नसे. सकाळी ती परतली की पदरात तांदूळ असायचे. आंबेमोहोर. ते शिजायला लागले की घरभर सुगंध दरवळायचा, आणि वाडीत नवीन मूल आलं हे मला त्या वासावरून कळायचं. मुलगा का मुलगी हे मग कुणीतरी सांगे. मला मात्र जन्म म्हणजे आंबेमोहोराचा वास, असंच कितीतरी वर्षं वाटत होतं.

दगड ती कढत पाण्यातून काढायची, हळदीच्या पाण्यात ठेवायची. नाळ लगेच कापायची नाही. तिच्यातली धडधड थांबेपर्यंत थांबायचं. मग एकदाच. माझी नाळ अशीच कापली होती. माझ्या मागच्या भावंडांची, वाडीतल्या माझ्या जोडीच्या सगळ्यांची. बाहेर बसलेल्या किसनची सुद्धा. पाचवीला त्या त्या घरी पाटा-वरवंट्याची पूजा मांडत तेव्हा शेजारी हा दगडही मांडायचे. त्याला हळद लागायची, कुंकू लागायचं, कणकेचा दिवा त्याच्यापुढे जळायचा, आणि बाळंतिणीची सासू आईच्या हाताला हात लावून म्हणायची, "हातगुण हाय बाई तुझ्या हाताला."

हातगुण. बाजारात मी हा शब्द फार ऐकला. याच्या हातचा बैल लागू पडतो, त्याच्या हातचा पडत नाही. पण आईच्या बाबतीत तो शब्द ऐकताना मला वाटायचं, तो गुण दिसतो, धरता येतो, त्याला मधासारखा रंग आहे आणि तो चुलीशेजारच्या देवळीत असतो.

तो नेला, त्या दिवशी मी चाकणला होतो. हे माझ्या डोक्यातून आजही जात नाही. मला नुकतं मिसरूड फुटलं होतं, बाजाराची चटक लागली होती, आणि मी दुसऱ्याच्या खोंडांचे दात मोजत उभा होतो. त्यामुळे पुढचं सगळं मला आईकडूनच माहीत आहे. तिनं ते इतक्यांदा सांगितलं की आता ते मीच पाहिल्यासारखं वाटतं.

पुण्याच्या कुठल्या तरी कॉलेजचे प्रोफेसर होते. विद्यार्थ्यांना घेऊन इंद्रायणीच्या काठाकाठानं दगड वेचत आले होते. दगड वेचायला माणसं पुण्याहून येतात याचं वाडीला हसू. गंगूमावशी म्हणाली म्हणे, "आमच्या वावरातलं बी न्या म्हनावं. नांगर तरी टिकंल." प्रोफेसर पाणी प्यायला आमच्या दारात थांबले, आत आले, आणि त्यांची नजर देवळीवर गेली.

आईनं तो त्यांच्या हातात दिला. वीज पडून सापडला, सुईणपणाला लागतो, सगळं सांगितलं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "मावशी, हा विजेचा नाही. माणसानं केलाय. लोखंड ठाऊक नव्हतं तेव्हाच्या माणसानं." दुसऱ्या दगडानं ठोकून एकामागून एक टवके कसे उडवलेत, ते त्यांनी दाखवलं. मग त्यांनी खळग्यात आपला अंगठा ठेवला.

"आता हा खळगा त्यानं मुद्दाम केला का आपसूक झाला, ते मला सांगता यायचं नाही. पण अंगठा बघा. माकडाचा अंगठा आखूड. फांदीला लोंबकळायला त्याची अडचण नको. आपला अंगठा एकेका बोटाच्या टोकाला जाऊन भेटतो." त्यांनी तसं करून दाखवलं. "म्हणून असा दगड धरता येतो, फिरवता येतो, पाहिजे तेवढाच दाबता येतो. माणसाच्या हातानं दगड घडवला, का दगड धरून धरून माणसाचा हात असा घडला, हे कोडंच आहे."

आई म्हणाली, "त्यात कसलं कोडं, मास्तर? पोर झाल्याबिगर बाई आय व्हती का? दोगं येकाच येळंला जन्मत्यात."

यावर ते हसले, आणि मग त्यांचा हात खिशातल्या पाकिटाकडे गेला. "याचं काय द्यायचं, मावशी?"

त्याच वेळी चुलीवरचा गुळाचा चहा उतू जायला लागला. आई तिकडे वळली. वळता वळता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

खालच्या रस्त्यावरून विद्यार्थी ओरडत होते की एसटी आली. प्रोफेसरांनी दारातून म्हटलं, "मावशी, फार उपकार झाले तुमचे," आणि ते उतरणीवरून पळत गेले. आईला वाटलं, घोटभर पाण्याचे एवढे उपकार मानणारा माणूस भला दिसतो. चहा गाळून ती वळली. देवळी रिकामी होती.

मी घरी आलो तेव्हा ती चुलीपुढे बसली होती आणि चूल विझलेली होती. "मी ऱ्हाऊ द्या म्हनले रं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या म्हनले, तरी नेला."

मी रस्त्यापर्यंत पळत गेलो. गाडी केव्हाच गेली होती हे माहीत असूनही गेलो. रस्त्यावर धुळीत टायरच्या खुणा होत्या, त्यांवर मी दगड फेकत राहिलो. आमच्या डोंगरात दगडांना तोटा नाही.

आईनं मग लोणावळ्याच्या बाजारातून पातं आणलं. चकचकीत, कागदात गुंडाळलेलं. ते ती तसंच उकळायची, तसंच हळदीत ठेवायची. त्या साली वाडीतलं एक मूल पाचवी व्हायच्या आत गेलं. तशी आधीही गेली होती. पण या वेळी गंगूमावशी पाणवठ्यावर बोलली, "हत्यार गेलं, हातगुण गेला." तेवढंच. भांडण नाही, शिवी नाही. मग दिवेलागणीची हाक आमच्या दारावरून पुढे जायला लागली, पलीकडच्या वाडीतल्या सुईणीकडे. कंदील यायचा, आई उठून उभी राहायची, आणि कंदील निघून जायचा. आमच्याकडे आंबेमोहोर नंतरही शिजला असेल. मला त्याचा वास आठवत नाही.

पुढे दवाखान्याची नर्स यायला लागली आणि सुईणींचं कामच संपलं, हे मला कळतं. पण आईचं ते त्याच्या आधी संपलं होतं. तिचे हात मांडीवर पडलेले असायचे, तळवे वर, काहीतरी मागितल्यासारखे. तिनं कधी काही मागितलं नाही. रिकामी देवळी मात्र ती रोज झाडायची.

मी त्या मास्तरचा राग धरून मोठा झालो. त्याचं नाव आईला माहीत नव्हतं. मग मी सगळ्यांवरच धरला. चष्मा लावलेलं, शुद्ध बोलणारं गिऱ्हाईक उपरण्याखाली आलं की माझी बोटं आपोआप कठोर व्हायची. बाईमाणूस "राहू द्या" म्हणतंय आणि हा उचलून नेतो. वर उपकार झाले म्हणतो. शिकून हेच शिकतात का, असं मी भर बाजारात विचारलेलं आहे, ज्यांचा काही संबंध नाही अशा माणसांना.

आईला मी लोणावळ्याला आणलं तेव्हा तिची बोटं वाकायला लागली होती. सांधे सुजायचे. हळूहळू ती अशी झाली की पूर्ण उघडत नसत आणि पूर्ण मिटत नसत. भाकरीचा तुकडा मोडायला तिला माझी बायको लागायची. तिच्याकडे बघून मला एवढंच वाटायचं, या हातात काही धरता येतंय तोवर तो दगड एकदा यात परत ठेवायचा. दुसरं मी देवाकडे काही मागितलं नाही. देवाशी सौदा करायची माझी पद्धत नाही.

तो सापडला तो एका गाईमुळे. लोणावळ्यात वरच्या अंगाला एक बंगला आहे. तिथल्या म्हाताऱ्या साहेबांना दुभती गाय हवी, असं गवळ्याकडून कळलं. मी गाय घेऊन गेलो. साहेब व्हरांड्यात आरामखुर्चीत होते. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवा हात मांडीवर शालीखाली. गिऱ्हाईक गाईची कास बघतं, शेपूट बघतं. हे गाईचे पाय बघत बसले.

"तुम्ही रोज खूर बघत असाल," ते म्हणाले. "तो खूर म्हणजे काय आहे, माहीत आहे? बोटं. तिला दोनच उरली, आणि ती त्या बोटांच्या नखांवर उभी आहे. धावायला उत्तम. पण धरता काही येत नाही बिचारीला."

जन्म खुरांत गेला माझा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खाली बघितलं, आणि खरोखरच ती मला चवड्यांवर उभी असलेली दिसली.

"आणि आपण?" मी विचारलं.

"आपल्याला धावता येईना, म्हणून धरायला शिकलो." त्यांनी डाव्या हातानं शाल सारखी केली. "माझं आता धरणंही अर्धंच राहिलंय."

त्यांच्या मागे भिंतीला काचेचं कपाट होतं. त्यात दगड, चिठ्ठ्या लावून ठेवलेले. खालच्या फळीवर कापसात एक. मधाच्या रंगाचा.

माझ्या हातातलं दावं सुटलं असतं. मी घट्ट धरलं. "तो कुठला, साहेब?"

"तो होय? कॉलेजच्या संग्रहात मी मोलाचे सगळे दिले, तो दिला नाही. तो मला मिळालेला आहे. नाणे मावळाच्या अंगाला एक वाडी होती. तिथे एक सुईणबाई होत्या. हजारो वर्षांपूर्वीचं हत्यार, आणि त्या बाई त्यानं परवापर्यंत नाळ कापत होत्या. मी मोल विचारलं तर म्हणाल्या, राहू द्या. पाकीट परत खिशात घालताना मला माझीच लाज वाटली. एवढं मोठं देणं, आणि किती सहज. पुन्हा जाऊन भेटायचं होतं. ते राहूनच गेलं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तोच शब्द. त्यांनी तो इतकी वर्षं कापसात जपला होता, आणि मी निखाऱ्यासारखा.

"ती माझी आई," मी म्हणालो. "आणि ती म्हणाली, दगड राहू द्या."

गाय रवंथ करत होती. साहेबांचे डोळे हळूहळू मागे मागे गेल्यासारखे झाले, त्या वाडीत, त्या चुलीपर्यंत. मी ते बघत होतो. चहा उतू जाताना त्यांनाही दिसला असावा.

उठून ते कपाटापाशी गेले, डाव्या हातानं दगड काढून आणला आणि बसले. आता मागायचं होतं. मला मागता येत नाही. मला सौदाच करता येतो. मी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्यांच्या त्या हातावर टाकलं आणि माझा हात खाली घातला.

बोटांना आधी दगडच लागला. मग त्यांचा अंगठा, खळग्यात ठेवलेला. म्हातारा, थंड, स्वस्थ बसलेला. या हातात लबाडी नव्हती. मला ते कळलं, आणि ते कळल्याचा मला रागच आला. मी त्यांचं बोट धरणार तोच त्यांनी हात उघडला. तळवा वर.

माझं डोकं फिरलं. "बरं," मी म्हणालो, "मग गायही नाही मिळायची." उपरणं ओढलं, दावं धरलं आणि गाय घेऊन फाटकापर्यंत गेलो. तोंडानं काय काय बोलत गेलो ते लिहिण्यासारखं नाही.

"अहो," मागून आवाज आला, "निघालात कुठे? घेऊन जा ना. मी द्यायलाच उघडला हात."

मी थांबलो. "आमच्यात हात उघडला म्हणजे मोडलं."

"आमच्यात उघडला म्हणजे घ्या." ते म्हणाले. "आपल्या दोन घरांत एकच खूण उलटी लागते, असं दिसतंय. माझ्या हातून एकदा झालं. आत्ता तुमच्या हातून."

गाय मी तिथेच बांधली. भावाचं बोलणं झालं नाही.

घरी आई ओसरीवर उन्हात बसली होती. मी तिच्या तळव्यात दगड ठेवला. तिनं बघितला नाही, आधी नाकाशी नेला. "डांबराच्या गोळीचा वास मारतोय," ती म्हणाली. "कढत पानी आन." मी आणलं. हळद आणली. कुणाच्या घरी बाळंतपण असावं तशी तिनं त्याला धुतला, वाकड्या बोटांनी, दोन्ही तळव्यांत धरून. मग पदरानं पुसला.

"मास्तरनं दिला?"

"व्हय."

"हाये का अजून त्यो?"

"हाय. उजवा हात गेलाय त्याचा."

"आगं बया. कोमट तेल चोळाया सांग. वरनं खाली, खालनं वर न्हाई."

मला विचारायचंच होतं. "आये, तू त्याला ऱ्हाऊ द्या म्हनालीस, ते पैशाला का दगडाला?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की बाजारात एवढं नाव कमावलेला मुलगा इतका बावळट कसा. "दोनीला," ती म्हणाली. "पैसं त्याच्याकडं ऱ्हाऊ द्यायचं, दगूड माझ्याकडं. त्यात काय इचारायचं?"

असा सौदा मला आजवर जमलेला नाही.

"आता कुठं ठेवू? देवघरात ठेवू?" म्हणून मी हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे."

या वेळी अर्थ विचारावा लागला नाही. तिचा अंगठा हळूहळू सरकत खळग्यात गेला होता, आणि वर्षानुवर्षं न मिटलेली बोटं एकेक करून दगडावर उतरत होती. करंगळी शेवटी आली. मूठ मिटली.

ती माघात गेली. तोवर दगड तिच्या उशाशी आणि बराच वेळ हातातच असायचा. शेवटी ती मूठ आम्हाला सोडवावी लागली. ती कशी सोडवली, ते मी लिहीत नाही.

आणि आता मी इथे, उघड्या आभाळाखाली, त्या देवळीपुढे. खिशातून दगड काढून मी तो आत ठेवला. क्षणभर हलला, मग बसला. देवळीच्या मातीत त्याची उथळ जागा होती, पिढ्यान् पिढ्या ठेवून झालेली. आईनं रोज झाडूनही ती बुजलेली नव्हती.

"भाऊ," बाहेरून किसन म्हणाला, "आत निजलासा का काय?"

मी दगड उचलला आणि बाहेर आलो. उपरणं काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. किसनची बोटं भाव विचारायला पुढे आली आणि थांबली.

"ह्यो काय?"

"ओळख."

त्याची जाड बोटं धारेवरून गेली, बोथट कडेवर आली. अंगठा खळग्यापाशी अडला. माझाही तिथे बसत नाही. आईचाच बसायचा.

"त्योच?"

"तोच. तुझी नाळ कापलेला."

त्यानं दगड पुन्हा चाचपला. मग म्हणाला, "माझी आय..." आणि पुढे बोलला नाही. मीही त्याला बोल म्हटलं नाही. गंगूमावशीही आता नाही, आणि पाणवठ्यावरचा तो शब्द मी अजून सोडलेला नाही. पण उपरण्याखाली हात एकच असतो, आणि त्यात दगड होता. वाळवीचं नाव किसननं पुन्हा काढलं नाही.

"वासे ने," मी म्हणालो. "चुलीकडची भिंत मात्र राहू दे."

"आत्ता ऱ्हाऊ दे म्हन्ता, का कायमची ऱ्हाऊ दे?"

मी त्याच्याकडे बघितलं. चेष्टा करत नव्हता. खरंच विचारत होता.

"पाडायची नाही," मी म्हणालो. "देवळीसकट उभी ठेवायची. वर चार कौलं घाल, पावसात ढासळायला नको. नीट ऐकलंस?"

"व्हय, भाऊ. ऐकलं."

उपरण्याखाली मी मूठ मिटली. दगडाबरोबर त्याची बोटंही तिच्यात आली.